एक हात मोकळा

गावी निघायला अजून तीन दिवस आहेत. म्हणून आत्ताच बसा. बॅग भरण्याआधीचं हे मनन निघण्याच्या रात्री होत नाही, तेव्हा नुसती धावपळ होते. मुलं झोपली असतील, ओटा आवरून झाला असेल, तर माळ्यावरची बॅग खाली काढा. ओल्या फडक्याने पुसा. तिची चेन शेवटपर्यंत उघडा, ती फरशीवर पसरा आणि समोर मांडी घालून बसा. कपाट उघडू नका. यादी करायला कागदही घेऊ नका. पाच मिनिटं ही रिकामी बॅग नुसती बघायची आहे.

श्वास जसा चालतो तसा चालू दे. बॅगेच्या कोपऱ्यात, शिवणीपाशी, बोट घाला. मागच्या मे महिन्यातली वाळू अजून लागेल. आमच्या बॅगेत दर वर्षी भोगव्याच्या किनाऱ्यावरची वाळू सापडते आणि मी ती झटकत नाही. त्या चार कणांवरून बोट फिरवताना मागची सुट्टी आठवेल तेवढी आठवू दे. काय काय नेलं होतं? त्यातलं काय बाहेरच निघालं नाही? घडी न मोडता परत आलेले कपडे आठवा. ते कोणासाठी घेतले होते, तेही आठवा. स्वतःवर रागावू नका. फक्त बघा.

मी हे लिहिते ते डोंबिवलीहून कुडाळजवळच्या गावी जाणाऱ्या एका घरातून. दोघं आम्ही, दोन मुलं, रात्रीची कोकणची गाडी. तुमचं गाव साताऱ्याकडचं असेल, विदर्भातलं असेल, गाडीच्या जागी एसटी असेल. तरी बॅगेसमोर बसायचं ते असंच.

आता डोळे मिटा आणि हात मोजा.

खरंच मोजा. घरातून निघणाऱ्या मोठ्या माणसांचे हात किती? आमच्याकडे चार. ज्यांचा हात धरावाच लागतो अशी मुलं किती? आमच्याकडे दोन. थोरला नऊ वर्षांचा आहे, तरी स्टेशनवर त्याचा हात मी सोडत नाही. चार हातांतले दोन गेले. उरले दोन. त्यातल्या एका हातात एक बॅग. आणि चौथा हात? तो मोकळा. डब्याची दांडी धरायला, तिकीट काढून दाखवायला, घाईत मागे राहिलेल्या लेकराला पटकन ओढून घ्यायला तो लागतो. या मोकळ्या हातावर मन थोडा वेळ टेकवा. तुमच्या घरात तो कोणाचा असेल? उजवा की डावा? डोळे मिटलेले असतानाच तो तळहात उघडा आणि मांडीवर उताणा ठेवा.

हा हिशेब मला एका सकाळी कळला. त्या वर्षी आमचे सात डाग होते. दोन मोठ्या बॅगा, एक सॅक, खाऊची पिशवी, पाण्याची पिशवी, सासूबाईंसाठी घेतलेला कुकर आणि एक अशीच शेवटच्या क्षणी भरलेली पिशवी, जिच्यात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. कुडाळ आलं. आम्ही दोघांनी मिळून सामान खाली टाकायला सुरुवात केली. ह्यांच्या दोन्ही हातांत बॅगा, माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, थोरला कुकरचं खोकं छातीशी धरून उतरला. मी प्लॅटफॉर्मवर पाय ठेवून मागे वळले तर धाकटी दारातच उभी होती, तीन वर्षांची. खाली बघत होती. तिने माझ्याकडे हात पुढे केले आणि माझे हात रिकामे नव्हते. पिशव्या टाकून द्यायला जो एक क्षण लागला, तेवढ्यात मागच्या एका बाईने तिला काखेत धरून अलगद उचललं आणि माझ्यापुढे धरलं. गाडी हलली. त्या बाईचा चेहरा मी नीट पाहिलाही नाही. तिचा एक हात मोकळा होता, एवढंच मला ठाऊक आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरात सामान किलोवर ठरत नाही. रेल्वेचा नियम उदार आहे: स्लीपर क्लासला माणशी 40 किलो आणि सेकंड क्लासला 35 किलो सामान फुकट नेता येतं, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मं. म्हणजे आम्हा चौघांना स्लीपरमध्ये 120 किलो चालतं. नियमात बसतं ते हातात बसत नाही. रेल्वे वजन मोजते, आपण हात मोजायचे. आषाढीच्या वारीत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारी माणसं आठवा. त्यांचं अंथरूण-पांघरूण दिंडीच्या ट्रकमध्ये असतं, खांद्याला एक पिशवी असते आणि हातात टाळ. हात टाळासाठी राखलेले असतात. आपण ते मुलांसाठी राखायचे.

तेव्हा आमचं ठरलं आहे: दोघांच्या पाठीवर एकेक सॅक आणि एका हातात एक बॅग. मोठ्यांचे तीन डाग. चाकांची मोठी बॅग सोपी वाटते, पण स्टेशनच्या जिन्यावर चाकं चालत नाहीत आणि आमच्या घराकडे जाणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाडीवर तर नाहीच नाही. पाठीवरची सॅक दोन्ही हात मोकळे सोडते. शक्य असेल तिथे सॅकच घ्या.

डोळे उघडा. पाणी प्या. आता दुसरी बैठक, आणि ही मला सगळ्यात प्रिय आहे.

आत जाऊन झोपलेल्या मुलाजवळ बसा. दिवा लावू नका. लहानात लहान मूल असेल त्याच्यापासून सुरुवात करा. डोक्यापासून पायापर्यंत त्याच्याकडे सावकाश बघायचं. एकेका अवयवाशी थांबायचं आणि मनात विचारायचं, तिथे गेल्यावर याला इथे काय लागेल? कागदावरच्या यादीपेक्षा ही यादी जास्त खरी असते, कारण कागदावर 'मुलांचे कपडे' असं लिहिलं जातं आणि इथे तुमचं मूल असतं.

डोक्याशी थांबा. मेमधलं कोकणातलं ऊन, समुद्रावरचा वारा. हनुवटीखाली इलॅस्टिक असलेली टोपी लागेल, साधी टोपी पहिल्याच झुळकीला जाते. एक कंगवा, दोन रबरबँड.

डोळ्यांशी थांबा. हे डोळे परक्या जागी कशाने मिटतात? आमच्या धाकटीला माझ्या जुन्या साडीच्या गोधडीचा एक कोपरा गालाला लागतो. ती गोधडी जागा खाते. तरीही ती येते, आणि बॅगेत सगळ्यात वर येते. सॅकचं एक चतुर्थांश पोट गोधडीने भरलं तरी मी दुसरं काहीतरी काढते. जे मुलाला झोपवतं ते सामान ओझ्यात धरू नका.

गळ्याशी, काखेशी, पाठीशी थांबा. तिथला घाम आठवा. किनाऱ्याकडची हवा दमट, दुपारी लहान मुलांच्या मानेवर घामोळं उठतं. जाडी जीन्स, जाळीचा फ्रॉक, आतून टोचणारं जरीचं काही, हे सगळं या पाठीवर ठेवून बघा आणि मनातच परत कपाटात ठेवा. पातळ, सुती, सैल. संध्याकाळी डास असतात म्हणून पायापर्यंतची एक सुती विजार आणि डासांचं मलम.

गुडघ्यांशी थांबा. जांभ्याच्या पायरीवर पडलं की गुडघा नुसता खरचटत नाही, सोलवटतो. जंतुनाशक मलमाची लहान ट्यूब, कापूस, चिकटपट्ट्या. पावलांशी थांबा. टाचेला पट्टा असलेली एक सँडल, ती पायातच जाईल. बुटांचा दुसरा जोड नको.

आता पोटाशी या. हात पोटावर हलकेच ठेवा, श्वासाबरोबर ते वरखाली होऊ दे. प्रवासात आई-बापाची सगळी काळजी इथेच येऊन थांबते. पाणी बदलतं, वेळा बदलतात, एका दुपारी फणस जास्त खाल्ला जातो. या पोटासाठी ओआरएसची पाकिटं घ्या. एक लिटरच्या पाकिटातली पूड साधारण वीस ग्रॅम भरते. आख्ख्या बॅगेत इतक्या हलक्या वजनाची इतकी मोलाची दुसरी वस्तू नसते. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बनगावजवळच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून ती पिंपं भरून ठेवली आणि रुग्णांच्या घरच्यांनी ते पाणी आपापल्या माणसाला पाजलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. साखरेबरोबर मीठ आतड्यातून आत शोषलं जातं आणि त्यांच्यामागे पाणी जातं, एवढ्या साध्या गोष्टीवर ते उभं आहे. डॉक्टर थोडे होते, आया-बहिणी पुष्कळ होत्या. त्यांच्या हातातल्या पेल्याचा हा इतिहास आहे. पाकीट सॅकच्या कप्प्यात ठेवताना मला त्या आठवतात.

पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढंच घालायचं, कमी नाही आणि जास्तही नाही. लहान पाकीट 200 मिलिलिटरचं असतं, मोठं लिटरचं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. चमच्याचमच्याने, थांबत थांबत पाजायचं. खोक्यातली गोड फळांची पेयं त्याच्या जागी चालत नाहीत. आणि मूल मलूल पडलं, लघवी कमी झाली, पिऊच शकलं नाही, तर पाकिटाच्या भरवशावर न बसता दवाखाना गाठायचा.

तापाच्या औषधाचंही इथेच मनाशी ठरवून टाका. पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, आणि बाटल्या सारख्या नसतात: 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅमची असते, तशी 250 मिलिग्रॅमचीही असते. गावच्या दुकानात वेगळी बाटली मिळाली आणि मापाचा चमचा तोच ठेवला, तर मात्रा दुप्पट होते. म्हणून निघण्याआधी मुलाचं वजन करा, आपल्या डॉक्टरांकडून मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या आणि तो कागद औषधाच्या थैलीत ठेवा. मी त्या कागदाचा फोटोही काढून ठेवते.

मुलाच्या अंगावरचं पांघरूण नीट करा. दुसऱ्या मुलाजवळ जा, तसंच बघा. मग, वाटलं तर, शेजारी झोपलेल्या मोठ्या माणसाकडेही बघा. त्याच्या चष्म्याची डबी, गुडघ्याचा पट्टा, रक्तदाबाची गोळी. एवढं पुरे. आज झोपा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तू बाहेर काढा. बॅगेत टाकू नका, पलंगावर मांडा. आता एकेक वस्तू हातात घ्यायची आणि तिच्या आतला 'जर' ऐकायचा. प्रत्येक वस्तूत एक 'जर' असतो. जर ताप आला तर. जर गाडीत ओकारी झाली तर. जर कोणी जेवायला बोलावलं तर. जर तिथे हा साबण मिळाला नाही तर. वस्तू हातात धरून तो 'जर' पूर्ण वाक्यात, हळू आवाजात म्हणा. म्हटल्यावर त्यातले काही खरे निघतात. रात्री दोन वाजता गाडीत मूल ओकलं, तर एक कपड्यांचा जोड, एक टॉवेल आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी लागणारच. हा 'जर' खरा आहे, तो ठेवा.

काही 'जर' मात्र म्हणताच फिके पडतात. जर मुलं रोज दोनदा कपडे बदलू लागली तर. आठ दिवस, दिवसाला दोन, मुलं दोन: बत्तीस जोड. हा हिशेब मी अनेक वर्षं केला. गावी विहीर आहे, धुण्याचा दगड आहे, मागच्या पडवीत दोरी आहे, आणि मेमध्ये सकाळी वाळत घातलेले कपडे दुपारच्या जेवणापर्यंत वाळतात. मुलाला तीन साधे जोड, एक अंगावरचा आणि एक चांगला, एवढ्यात आठ दिवस निभतात. गणपतीला जाणार असाल तर मात्र हा हिशेब चालणार नाही. भाद्रपदातल्या पावसात दोरीवरचं दोन-दोन दिवस वाळत नाही. तेव्हा दोन जोड जास्त घ्या.

आणि काही 'जर' आपल्या लेकरांचे नसतातच, ते चार लोकांचे असतात. जर जावेची मुलं नव्या कपड्यांत असली तर. जर कोणी म्हणालं, मुंबईची सून आणि मुलांना हेच घातलंय. ही वस्तू हातात धरा. तिचं वजन नीट तोलून बघा. हे वजन कोण उचलणार आहे? तुम्हीच, दादरच्या जिन्यावर, एका हातात लेकरू धरून. त्या चार लोकांपैकी कोणी तिथे नसतं. ही वस्तू परत कपाटात ठेवताना मला दर वेळी थोडं जड जातं. ते जड वाटणं खरं आहे. पण ते कपाटाजवळच संपतं, बरोबर येत नाही.

कुकर नेला त्या वर्षी सासूबाई सगळं सामान पडवीत ओळीने मांडलेलं बघून म्हणाल्या होत्या, "ह्या सगळा कित्याक हाडलंस गो? हय काय गावना नाय?" सगळं का आणलंस, इथे काही मिळत नाही का, असं त्या विचारत होत्या. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता कळतं की त्या दुखावल्या होत्या. ज्या घरात आपण जातो ते घर आहे, तिथे तांदूळ आहे, टॉवेल आहे, अंथरूण आहे, आपली वाट बघणारी माणसं आहेत. सगळंच बरोबर घेऊन गेलं की त्यांना द्यायला काही उरत नाही. मुलांना आजीच्या जुन्या लुगड्याचं पांघरूण मिळू दे. साबण बाजारातून आणायला काकाबरोबर जाऊ दे.

आता वळकटी. हे हातांचं ध्यान आहे, घाई करू नका. एका मुलाचा एका दिवसाचा जोड घ्या. सदरा पालथा पसरा. बाह्या आत घ्या. त्यावर विजार अर्धी दुमडून ठेवा, त्यावर आतले कपडे. गळ्याकडून खाली, दोन्ही तळव्यांखाली सारखा दाब देत गुंडाळा. हवा निघते तिचा बारीक आवाज ऐका. रबरबँड लावा. एक वळकटी म्हणजे एका मुलाचा एक दिवस. गावी पोचल्यावर पाच वर्षांचं मूलसुद्धा आपली वळकटी स्वतः काढतं आणि बॅग उपसली जात नाही. माझी आजी होल्डॉलची वळकटी अशीच करायची. आत गादी, उशी, चादर, बाहेरून दोन चामडी पट्टे, आणि पट्टा आवळताना गुडघा वर टेकवायची. तिच्याबरोबर फिरकीचा तांब्या असे, झाकण फिरवून बसवलं की आडवा पडला तरी थेंब सांडत नसे. प्रवासाची वस्तू कशी असावी, हे मी त्या तांब्यावरून शिकले.

रचताना जड ते खाली आणि पाठीच्या बाजूला. वळकट्या उभ्या लावा, म्हणजे वरून सगळ्या दिसतात. पोचल्याच्या रात्रीचं सगळ्यात वर: गोधडी, एकेक वळकटी, ब्रश, औषधाची थैली. तिकीट, मोठ्यांचं ओळखपत्र आणि मुलांच्या वयाचा दाखला वरच्या कप्प्यात. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र जागा घेतली नाही तर तिकीट लागत नाही, आणि पाच ते बारामधल्या मुलाला जागा हवी असेल तर 2016पासून पूर्ण भाडं पडतं. वयाचा कागद म्हणूनच हाताशी असावा.

खाऊ एका रात्रीचा आणि एका सकाळचा. दुधात भिजवलेल्या दशम्या, कोरडी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपापडीच्या चार वड्या. दशमी मुलं नुसतीही खातात. खाऊची पिशवी कापडी घ्या आणि ती पाठीवरच्या सॅकमध्येच वर ठेवा. पोचेपर्यंत ती रिकामी होते, आणि येताना मळक्या कपड्यांची पिशवी होते.

या सगळ्यात एक बॅग अजून उरली आहे, ती मुलाची. त्याच्या पाठीवरची, लहान. शाळेच्या दप्तराबद्दल 2020च्या धोरणात म्हटलं आहे की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं. तेच माप इथे धरा. वीस किलोच्या मुलाला दोन किलो, सॅकसकट, पाण्याच्या बाटलीसकट. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली अर्धा किलो झाली. बाकी जागा मुलाची. तिथे काय जावं हे त्याने ठरवायचं आणि तुम्ही त्यात डोकावायचं नाही. हे अवघड आहे, मला माहीत आहे. हात आपोआप चेनकडे जातो. तो गेला की त्याच्याकडे बघा, आणि मागे घ्या.

आमच्या थोरल्याने एका वर्षी पत्त्यांचा जोड, एक दोरी आणि लोणच्याची धुतलेली रिकामी बरणी घेतली. बरणी कशाला, असं ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. परतीच्या प्रवासात ती बरणी काजूच्या बियांनी काठोकाठ भरलेली होती. त्याने स्वतः वेचलेल्या. ज्याने जाताना रिकामी जागा नेली, असा आमच्या घरात तो एकटाच होता.

तेव्हापासून मीही जागा ठेवते. सॅक गच्च भरली की तिच्यातून वीतभर उंचीचं सामान काढायचं, काहीही करून काढायचं. त्या रिकाम्या वीतभर जागेत हात घालून बघा. येताना तिथे कुळथाचं पीठ येईल, आमसुलं येतील, सासूबाईंनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले आठ-दहा आंबे येतील. आंब्याची आख्खी पेटी म्हणजे एक हात, म्हणून ती आम्ही घेत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857च्या बंडात उत्तरेत सापडले, हाल सोसले, आणि शेवटी काशीहून आई-वडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी आले. 'माझा प्रवास' या त्यांच्या पुस्तकात ते सगळं आहे. येताना काय आणायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता एक गोष्ट घरातल्या बाईला उद्देशून सांगते. तुमची स्वतःची वळकटी सगळ्यात आधी करा. सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या फटींत तुमचे कपडे कोंबले जातात, आणि पोचल्यावर तुमचाच टॉवेल राहिलेला असतो. चार दिवसांवर पाळी असो नसो, सॅनिटरी पॅड घ्या, प्रवासात तारखा बदलतात. वाचायला एक पुस्तक घ्या. आणि घरातल्या पुरुषाने हे मनन आपल्या पत्नीवर सोपवू नये. एका मुलाजवळ तुम्ही बसा, दुसऱ्याजवळ तो बसू दे. ज्याने मुलाला डोक्यापासून पायापर्यंत असं एकदा पाहिलं, त्याला गावी गेल्यावर 'याची टोपी कुठे आहे?' असं विचारावं लागत नाही.

निघण्याच्या दिवशी दुपारी शेवटची बैठक. ही उभ्याने करायची. सगळ्यांनी सॅक पाठीवर घ्या, मुलांनीही. बॅग ज्याच्या हातात असणार त्याच्या हातात द्या. मुलांचे हात धरा. घराचं दार उघडा आणि जिन्याने एक मजला खाली जाऊन पुन्हा वर या. बोलू नका. खांद्याला कुठे ओढ लागते ते बघा. धाकट्या मुलाची पावलं ऐका. वर आल्यावर दम लागला असेल तर अजून काहीतरी निघायला हवं आहे. ते काढा आणि मागे ठेवा, वाईट वाटून घेऊ नका. मग तिकिटावरची तारीख मोठ्याने वाचा. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीला तारीख पुढच्या दिवसाची असते. 12 तारखेची रात्री बारानंतरची गाडी पकडायला 11 तारखेच्याच रात्री घर सोडावं लागतं, आणि 12च्या रात्री निघण्याची चूक अनेक शहाण्या घरांतून होते.

आता मोकळा हात पुढे करा आणि बोटं उघडून बघा. त्यात पिशवी नाही, फोन नाही, किल्ली नाही ना?

कुडाळला गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्या वेळात चार माणसं आणि तीन डाग नीट उतरतात.